३० मिलीअँपिअर हा आकडा आला कुठून?

तुमच्या घरातली मीटरजवळची खटक्यांची पेटी एकदा उघडून बघा. वायरमन तिला ‘डीबी’ म्हणतात. आत एका ओळीत लहान खटके असतील, त्यांवर सी६, सी१०, सी१६ असं काहीतरी छापलेलं असेल. ते एमसीबी. त्यांच्यात नशिबानं एखादा जरा रुंद खटका असेल, त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असेल आणि कुठेतरी ‘३० मिलीअँपिअर’ किंवा ‘०.०३ अँपिअर’ असा आकडा असेल. तो आरसीसीबी. दुकानात त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. जुना ईएलसीबी वेगळ्या तत्त्वावर, म्हणजे अर्थच्या वायरवर आलेलं व्होल्टेज ओळखून चालायचा. तो मागे पडला, नाव मात्र चिकटून राहिलं.

आजची पोस्ट या एका आकड्याबद्दल आहे. ३०च का? २० का नाही, १०० का नाही? संशोधनात तुम्ही आलात की असे आकडे रोज भेटतील: अमुक मर्यादा, तमुक प्रमाणक, ‘सुरक्षित पातळी’. बहुतेक जण ते तक्त्यातून उचलतात आणि पुढे जातात. पण प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी, कधीतरी, कशावर तरी मोजमाप केलेलं असतं. ३० मिलीअँपिअरची वंशावळ बऱ्यापैकी वाचता येते, आणि ती वाचताना नमुना, शेपूट, बहिर्वेशन, नीतिमत्ता हे पद्धतीशास्त्राच्या पेपरातले सगळे शब्द खरे वाटायला लागतात. माझं स्वतःचं काम शरीराच्या ऊतींच्या विद्युत अवरोधावर आहे, त्यामुळे हा विषय माझ्या टेबलावर आपसूकच येऊन पडला.

आधी एक गैरसमज बाजूला करू.

एमसीबी तुम्हाला वाचवायला बसवलेला नाही. तो वायरला वाचवायला बसवलाय. सी१६ म्हणजे १६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह तो निमूटपणे जाऊ देणार. आता तुमचं शरीर बघा. ओल्या हातापायांनी, २३० व्होल्टला, हात ते पाय असा रस्ता धरला तर ढोबळमानानं १००० ओहम धरायची पद्धत आहे. कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीला तो बराच जास्त असतो, पण हिशोब नेहमी वाईट बाजूनं करायचा. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलीअँपिअर. एमसीबीच्या दृष्टीनं हा प्रवाह म्हणजे घरात एक जुना, ५० वॅटच्या आसपासचा बल्ब लागला. तो खाली कशाला पडेल? माणूस मरू शकतो आणि एमसीबी जागचा हलत नाही, यात एमसीबीचा दोष काही नाही. त्याला ते काम कुणी सांगितलेलंच नाही.

आरसीसीबीचं काम वेगळं आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी तो एका लोखंडी कड्यातून नेतो. फेजमधून जेवढा प्रवाह आत जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि कड्याला काहीच कळत नाही. पण त्यातला थोडा प्रवाह तुमच्या अंगातून जमिनीत गेला, तर परत येणारा कमी पडतो. हा फरक कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या कॉइलला कळतो आणि ती खटका पाडते. किराणा दुकानाच्या गल्ल्यासारखा हिशोब: सकाळी किती दिले, संध्याकाळी किती आले. विक्री दहा हजारांची असो की शंभरची, त्याला फक्त तूट दिसते.

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण चांगल्या चांगल्या लोकांचा गोंधळ होतो. एक, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी म्हणजे तुमच्या अंगातून ३० पेक्षा जास्त प्रवाह जाणार नाही, असं अजिबात नाही. प्रवाह २३० जायचा तर २३०च जाईल. आरसीसीबी प्रवाह कमी करत नाही, वेळ कमी करतो. शॉक बसेल, सणसणीत बसेल. दोन, तुम्ही एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरलात आणि पायाखाली लाकडी स्टूल असेल, तर गेला तेवढा प्रवाह परत आला. गल्ल्यात तूट नाही. आरसीसीबी शांत बसेल.

आता आकड्याकडे वळू.

अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. माणसाला विजेचा धक्का बसतो तेव्हा नेमकं किती प्रवाहाला काय होतं, हे त्यांनी अनेक वर्षं मोजलं, आणि जिवंत माणसांवर मोजलं. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग ‘लेट-गो करंट’चा. हाताच्या पुढच्या भागात मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. प्रवाह वाढवत नेला की दोन्ही आखडतात, पण मिटणारे जिंकतात, आणि धरलेली वायर सोडता येत नाही. आपल्याकडे ‘विजेनं ओढून धरलं’ म्हणतात ते हेच. वीज कुणाला ओढत नाही, आपलेच स्नायू आपल्याला सोडत नाहीत.

तर स्वयंसेवकानं ओल्या हातात तांब्याची तार धरायची, प्रवाह हळूहळू वाढवायचा, आणि तार सोडता येते तो जास्तीत जास्त प्रवाह नोंदवायचा. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेवर १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया यांची मोजमापं झाली. पुरुषांचा मधला आकडा सुमारे १६ मिलीअँपिअर, स्त्रियांचा सुमारे १०.५.

तुम्ही सुरक्षिततेची मर्यादा ठरवायला बसलात तर हे मधले आकडे घ्याल का? घेतलेत तर निम्मी माणसं तारेला चिकटून राहतील. म्हणून डॅल्झिएल यांनी टोक घेतलं: शंभरातल्या ९९.५ जणांना तार सोडता येईल असा प्रवाह. तो आला पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ मिलीअँपिअर.

आता जरा थांबा आणि पेन्सिल घ्या. १३४ चे अर्धा टक्का किती? ०.६७. म्हणजे अख्ख्या नमुन्यात त्या टोकाला एक सबंध माणूसही बसत नाही. २८ चे अर्धा टक्का म्हणजे ०.१४ बाई. मग ६ हा आकडा कुणी ‘मोजला’? कुणीच नाही. निरीक्षणं प्रसामान्य वितरणाच्या कागदावर मांडली, ती बऱ्यापैकी सरळ रेषेत बसली, आणि ती रेषा निरीक्षणं संपतात त्याच्या पुढे ओढली. रेषेच्या त्या शेपटावर जे दिसलं ते ६.

हे चूक आहे असं मी म्हणत नाही. दुसरा मार्ग काय होता? २८ ऐवजी २८०० बायकांना शॉक द्यायचा? डॅल्झिएल यांनी उपलब्ध माहितीचं सगळ्यात प्रामाणिक काहीतरी केलं आणि कसं केलं ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते तपासता येतं. पण ‘स्त्रियांची मर्यादा ६ मिलीअँपिअर’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात येतं तेव्हा त्यामागचे २८ हात आणि ती लांबवलेली रेषा दोन्ही गायब झालेली असतात. स्वयंसेवक बहुतेक तरुण आणि धडधाकट होते, हेही गायब होतं. मुलांसाठी त्यांनी पुरुषांच्या आकड्याच्या निम्मा, म्हणजे ४.५ असा अंदाज सुचवला. तुमच्या प्रबंधात उद्या एखादी ‘प्रस्थापित मर्यादा’ वापरायची वेळ आली तर मूळ पेपर काढा आणि सगळ्यात आधी नमुन्याची संख्या बघा. निष्कर्षाचा परिच्छेद नंतर.

या कामातूनच डॅल्झिएल यांनी असं उपकरण काढलं जे ५ मिलीअँपिअरच्या आसपासच्या गळतीला खटका पाडेल. त्याचं पेटंट १९६५ चं. अमेरिकेत आजही घरगुती उपकरण ४ ते ६ मिलीअँपिअरला पडतं. तिकडच्या न्हाणीघरातल्या सॉकेटवर दोन छोटी बटणं दिसतात ना सिनेमात, ते हेच.

मग आपल्याकडे ३० कसे? सहापट?

कारण आपण, म्हणजे युरोप आणि त्यांच्या मागून आपली भारतीय मानकं, वेगळा प्रश्न विचारतो. अमेरिकेचा प्रश्न: माणसाला हात सोडवता येईल का? आपला प्रश्न: माणसाचं हृदय चालू राहील का?

विजेचा धक्का मारतो तो बहुतेक वेळा भाजून नाही, तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय बिघडवून. वैद्यकीय भाषेत व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. स्नायू थरथरत राहतो, रक्त पुढे ढकललं जात नाही, आणि छाती दाबून रक्त फिरतं ठेवलं नाही तर मिनिटांचा खेळ. हा प्रयोग माणसांवर करता येत नाही हे उघड आहे. १९३६ मध्ये फेरिस, किंग, स्पेन्स आणि विल्यम्स यांनी जनावरांवर केला. त्यात मेंढ्या महत्त्वाच्या होत्या, कारण त्यांचं वजन आणि हृदय माणसाच्या जवळ जातं. त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. अगदी थोडा वेळ दिलेला धक्का हृदयाच्या ठोक्यातल्या एका छोट्या तुकड्यात, ईसीजीवर टी-लहर दिसते त्या सुमारास पडला, तरच धोका मोठा. बाकीच्या वेळी हृदय तो झेलून नेतं. म्हणजे तोच प्रवाह, तेवढाच वेळ, आणि एक जण हात झटकून ‘काही नाही, झटका बसला’ म्हणतो, दुसरा जागेवर जातो. ‘मला शंभरदा शॉक बसलाय, काही होत नाही’ असं सांगणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. ज्यांना काही झालं ते सांगायला येत नाहीत. संख्याशास्त्रात याला नाव आहे, ते तुम्ही शोधा.

या जनावरांवरच्या निरीक्षणांतून डॅल्झिएल यांनी वजनाच्या आधारे माणसाकडे उडी मारली आणि एक सूत्र दिलं: ५० किलो वजनाच्या माणसासाठी धोक्याचा किमान प्रवाह म्हणजे ११६ भागिले वेळेचं वर्गमूळ. प्रवाह मिलीअँपिअरमध्ये, वेळ सेकंदांत. वीज उपकेंद्रांच्या अर्थिंगच्या आराखड्यात हे सूत्र आजही वापरतात. आपल्या २३० मिलीअँपिअरला लावून बघा: ११६ भागिले २३०, त्याचा वर्ग, साधारण ०.२५ सेकंद. पाव सेकंद! सूत्राच्या मते पाव सेकंदाच्या आत वीज तुटली तर बहुधा वाचलात. तुमच्या घरात ५० किलोच्या खालचं कोण कोण आहे, ते तुम्हीच मोजा.

पुढे १९८० मध्ये ऑस्ट्रियाचे बिगेलमायर आणि ब्रिटनचे ली यांनी हे वर्गमूळ मोडीत काढलं. (बिगेलमायर यांनी शरीराचा अवरोध मोजायला स्वतःच्याच अंगातून वीज सोडली होती. आज नीतिमत्ता समितीपुढे असा अर्ज घेऊन गेलात तर काय होईल याची कल्पना करा.) त्यांचं म्हणणं असं की वेळेसोबत धोका गुळगुळीतपणे वाढत नाही, त्यात एक पायरी आहे. धक्का एका ठोक्यापेक्षा बराच छोटा असेल तर हृदयाला बिघडवायला शेकड्यांनी मिलीअँपिअर लागतात. तो काही ठोके टिकला तर मधले अवेळी ठोके हृदयाला हळवं करत नेतात आणि मर्यादा एकदम खाली येते. आयईसी ६०४७९ या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजातल्या आलेखाचा आकार असाच आहे. त्यातली ‘सी१’ नावाची रेषा, जिच्या खाली फिब्रिलेशनची भीती व्यवहारात नसते, ती अगदी थोड्या वेळाला ५०० मिलीअँपिअरच्या आसपास आहे आणि जास्त वेळाला सुमारे ४० वर येऊन टेकते. ही रेषा डावा हात ते दोन्ही पाय या रस्त्यासाठी आहे. हात ते हात रस्ता असेल तर हृदयाच्या वाट्याला कमी येतं, त्यासाठी ०.४ चा गुणक धरतात. छाती ते डावा हात असेल तर १.५.

आता ३० आपोआप दिसतो. कितीही वेळ टिकला तरी हृदय सहसा बिघडणार नाही, असा ४० च्या खालचा, थोडी जागा सोडून घेतलेला गोल आकडा. शिवाय मानकानुसार आरसीसीबीनं ३० मिलीअँपिअरला ३०० मिलिसेकंदांत आणि पाचपट म्हणजे १५० ला ४० मिलिसेकंदांत पडलं पाहिजे. आपला २३० वाला माणूस या दुसऱ्या खान्यात येतो. ४० मिलिसेकंद म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची दोन आवर्तनं, हृदयाच्या एका ठोक्याचा विसावा हिस्सा. रेषेच्या बऱ्याच खाली.

पण अमेरिकेचा प्रश्न आपण सोडून दिलाय, हे विसरू नका. आरसीसीबी १५ मिलीअँपिअरच्या खाली पडताच कामा नये असंही मानक सांगतं, नाहीतर तो उठसूट पडेल. मग समजा प्रवाह १२ मिलीअँपिअर आहे. डॅल्झिएल यांच्या आकड्यांनुसार बहुतेक स्त्रियांना, आणि काही पुरुषांना, तो हात सोडवू देणार नाही. आणि आरसीसीबी शांत. व्यवहारात यातून सुटका होते ती अशी, की हाताला घाम येतो, कातडीचा अवरोध उतरतो, प्रवाह वाढून खटक्याच्या टप्प्यात येतो. ही सुटका मला फारशी सुखाची वाटत नाही. १० मिलीअँपिअरचे आरसीसीबी मिळतात, न्हाणीघराच्या सर्किटला ते लावता येतात. पण आपल्याकडे ३० वालाच सगळीकडे लागलेला नाही, तिथं १० ची चर्चा कोण करणार! केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलीअँपिअर ही कमाल मर्यादा लिहिली गेली, पण ५ किलोवॅटच्या खालच्या जोडण्या तेव्हा त्यातून वगळल्या होत्या. दोन खोल्यांच्या घराचा भार ५ किलोवॅट कधी होतो?

कूलर आणि मे महिना

आतापर्यंत अर्थिंगचं नाव मी मुद्दाम काढलं नाही. ‘आमच्याकडे अर्थिंग चांगलं आहे, मग आरसीसीबी कशाला?’ हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल. उत्तर देण्यासाठी विदर्भातला लोखंडी कूलर घेऊ. पत्र्याचा डबा, आत पाण्याचा पंप, भोवती ओले वाळ्याचे किंवा गवताचे पडदे, आणि पाणी भरायला येणारं माणूस बहुतेकदा अनवाणी, ओल्या फरशीवर. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं मृत्यू झाल्याच्या बातम्या नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या पुरवण्यांत येतात. आणि देशभरचा हिशोब मांडला तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात विजेच्या धक्क्यानं गेलेल्यांचा आकडा अलीकडच्या वर्षांत दरवर्षी बारा हजारांच्या वर असतो. त्यात तुटलेली लाइन, शेतातला पंप, घरातला कूलर सगळं एकाच ओळीत.

समजा पंपाची वायर सोलली आणि फेज डब्याला लागली. डब्याला अर्थ जोडलेला आहे. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. प्रवाह किती जाईल? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. सी१६ चा एमसीबी १६ पर्यंत हलत नाही. म्हणजे अर्थ जोडलेला असूनही डब्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच उभं राहतं, मीटर पळत राहतं, जमीन तापत राहते, आणि कुणाला काही कळत नाही. बरं, खड्डा उत्तम आहे, ५ ओहमचा. मग ४६ अँपिअर. १६ च्या तिप्पटही नाही. इतक्या प्रवाहाला एमसीबीची तापणारी पट्टी काही सेकंद घेऊ शकते. सी प्रकाराचा झटपट पडणारा चुंबकी भाग ८० ते १६० अँपिअरच्या टप्प्यात जागा होतो. हृदयाला पाव सेकंद पुरतो, हे आपण आत्ताच बघितलं.

आता त्याच ठिकाणी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी ठेवा. डब्यावर ५० व्होल्टपेक्षा जास्त चढायच्या आत तो पडावा, यासाठी अर्थचा रोध जास्तीत जास्त किती चालेल? ५० भागिले ०.०३. साधारण १६६७ ओहम! अर्थिंग अगदीच गचाळ असलं तरी आरसीसीबी निभावून नेतो. अर्थ नसलाच, तरी तुम्ही स्वतः अर्थ झाल्यावर तो पडेल. फरक एवढाच, की अर्थ असेल तर वायर सोलल्या क्षणी पडेल, तुम्ही हात लावायच्या आधी.

आणि मे महिना यासाठी, की मातीचा रोध ओलाव्यावर चालतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवायला. विदर्भात, मराठवाड्यात काळी माती आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणजे कूलर ज्या दिवसांत चोवीस तास चालतो, नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग वर्षातलं सगळ्यात वाईट असतं. जुलैत तपासून ‘ओके’ दिलेलं अर्थिंग मे महिन्यात ओके असेल असं समजू नका. जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगतात, ते शास्त्र म्हणून अगदी बरोबर आहे.

एक प्रकार मात्र कुणी करत असेल तर ताबडतोब थांबवा. अर्थची वायर आलेली नसते, म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या पिनला छोट्या वायरनं जोडून देतात. टेस्टरला आणि स्वस्तातल्या सॉकेट-तपासणीला सगळं छान दिसतं. आणि मग एखाद्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो किंवा सैल होतो. चालू उपकरणातून फेज न्यूट्रलच्या तुटलेल्या टोकापर्यंत येतो, तिथून त्या छोट्या वायरनं अर्थच्या पिनवर, आणि तिथून फ्रिजच्या, मशीनच्या डब्यावर. उपकरण पूर्ण ठणठणीत, आणि डब्याला २३० व्होल्ट. अर्थ नसणं परवडलं. निदान खोटं आश्वासन नाही.

(जाता जाता: अर्थची पिन लांब का आणि जाड का, हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न. लांब यासाठी की आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. जाड यासाठी की चुकूनही फेजच्या भोकात शिरू नये. ‘जाड म्हणजे रोध कमी’ हे उत्तर आकडे घालून बघा. दोन सेंटिमीटर पितळेचा रोध किती आणि खड्ड्याचा किती!)

मग लोक आरसीसीबी काढून का टाकतात? कारण तो पडतो. आमच्या एका जुन्या प्रयोगशाळेत वीस-बावीस संगणक एकाच आरसीसीबीवर होते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला कपॅसिटर असतात, ते अर्थमध्ये थोडा प्रवाह सतत सोडतात, प्रत्येकी मिलीअँपिअरच्या आसपास. बिघाड काहीच नाही, पण बेरीज वीसच्या पुढे गेली की १५ ते ३० च्या टप्प्यात आलोच. सकाळी सगळे संगणक एकदम लावले की अंधार. यावर उपाय म्हणजे भार दोन-तीन आरसीसीबींवर वाटणं. तिथं केलेला उपाय म्हणजे आरसीसीबीला बाजूनं वायर टाकणं. घरात इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रलची सरमिसळ होते तेव्हाही असंच होतं: खटका टिकत नाही, आणि वायरमन म्हणतात, ‘ईएलसीबी खराब आहे, काढतो.’ तो खराब नसतो, तो हिशोबातली तूट सांगत असतो.

दुसरा प्रश्न नवा आहे आणि तुमच्यातल्या कुणाला विषय शोधायचा असेल तर इथं जागा आहे. कड्याचं तत्त्व चालतं ते बदलत्या प्रवाहावर. आजची उपकरणं, म्हणजे इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, विजेच्या गाडीचा चार्जर, ही आतल्या आत एकदिश प्रवाह तयार करतात. बिघाडात तो अर्थमध्ये गळला तर कड्याचा लोखंडी गाभा एका बाजूला भरून जातो आणि खरी गळती आली तरी त्याला दिसत नाही. म्हणजे आरसीसीबी आंधळा होतो. ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला हा त्रास जास्त, ‘ए’ प्रकाराला कमी, आणि गाडीच्या चार्जरसाठी त्याहून वेगळी व्यवस्था लागते. बाजारात ‘एसी’ प्रकार स्वस्त म्हणून तोच जास्त खपतो. विकत घेताना खटक्यावरचं चिन्ह बघा: चौकोनात फक्त एक लहर म्हणजे ‘एसी’, लहरीखाली अर्धगोलांची ओळही असेल तर ‘ए’.

टेस्टचं बटण दर दोन-तीन महिन्यांनी दाबा. ते आतल्या एका रोधातून मुद्दाम थोडी तूट पाडतं आणि यंत्र हलतं का ते बघतं. वर्षानुवर्षं न हललेला खटका आतून चिकटतो. बटण दाबून खटका पडला तर यंत्र ठीक आहे, एवढंच कळलं. अर्थिंगबद्दल काहीच कळलं नाही. दाबूनही पडला नाही, तर तो बदलेपर्यंत घरात आरसीसीबी नाही असंच धरा.

आणि तुम्ही एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कमी खर्चाचं काही शोधत असाल तर: अर्थ टेस्टर बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत धूळ खात पडलेला असतो. तीन इलेक्ट्रोडची पद्धत दोन तासांत शिकता येते. काळ्या मातीतले दहा-बारा घरगुती खड्डे निवडा, घरमालकांची लेखी परवानगी घ्या, महिन्यातून एकदा, वर्षभर, रोध मोजा, सोबत मातीचा ओलावा आणि तापमान. मोजताना घराची अर्थ वायर खड्ड्यापासून सोडवावी लागते, तेवढा वेळ मेन स्विच बंद ठेवा आणि सोबत परवानाधारक वायरमन असू द्या. सुरुवात फेब्रुवारीत करा, म्हणजे पहिला उन्हाळा सुटणार नाही.